निम्मं-निम्मं

डॉक्टर लिहितात :
मलम पंचवीस ग्रॅम, क्रीम पंचवीस ग्रॅम,
एकत्र करून द्यावे.
त्यांची एक ओळ,
माझ्या काचपाटीवर वीस मिनिटं.

साकाताच्या जानेवारीत मलम कुणाचं ऐकत नाही.
ताठर होऊन पात्याला हिसडे देतं,
मनगटातून कळ कोपरापर्यंत जाते.
क्रीम बिचारं मऊ, लगेच मिसळल्यासारखं दाखवतं.
मी मळते, दुमडते, पुन्हा मळते
पांढऱ्यात पिवळं दिसेनासं होईस्तोवर.
पूर्वी एवढ्यावर मी झाकण लावायची.

मलमात पाण्याचा थेंब नाही,
म्हणून त्याला राखण लागत नाही.
कोरड्या विहिरीवर कोण येतंय पाणी प्यायला.
क्रीममध्ये पाणी आहे, म्हणून पहारा आहे,
कारखान्यानं मोजून घातलेला, चिमूटभर.
दोन्ही एकत्र केली की चिमूट तेवढीच, घर दुप्पट,
त्यातून पहारेकरी मूळचे तेलाचे शौकीन,
सरकतात तिकडे.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात.
इथे पाहुण्याचं पोट भरतं,
पाण्याचं दार तेवढं उघडं राहतं.
निम्म्या उंचीची भिंत म्हणजे भिंत नव्हे, पायरी.

काल ओकित्सु तामेझो आले.
पन्नास वर्षं बोटींची इंजिनं उघडलेला माणूस,
टोपीवरचा बर्फ बाहेरच झटकून आत आला.
डबी काढून काउंटरवर ठेवली,
मग पुन्हा थोडी स्वतःकडे ओढली.

माझंच अक्षर. अकरा ऑक्टोबर.
पाठीला, दिवसातून दोनदा.
खाली लाल शाईत : चार आठवड्यांत संपवावी.

झाकण उघडलं.
कडेनं पाणी सुटलेलं, तांदळाच्या धुवणासारखं.
वास आंबट नव्हता, घाणही नव्हता,
आत कुणीतरी राहत असल्याचा होता.
आणि मधोमध एक खळगा,
बारीक बोटाचा.
तामेझोंची बोटं मला ठाऊक आहेत, पान्यासारखी.

"किनुएचं आहे," ते म्हणाले.
"नोव्हेंबरपर्यंत तीच लावायची.
नवीन नको मला. एवढंच सांगा, ही टिकेल का?
उघडलीच नाही, तर?"

प्रयोगशाळेत याची रीत ठरलेली आहे.
जंतू मुद्दाम सोडायचे, मोजून,
मग सातव्या दिवशी पाहायचं, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या,
किती मेले, किती उरले.
मी बोटांवर मोजलं : आज शहाण्णवावा दिवस.
त्याचा रकाना माझ्या तक्त्यात नाही.

सांगायचं होतं की रोज दोनदा
तिनं बोट बुडवलं,
आणि बोटावर जे असतं, माझ्या, तुमच्या, कुणाच्याही,
ते थोडं थोडं आत ठेवून गेली.
तेच वाढलंय.
निम्म्या राखणीला पुरून उरलंय.
म्हणजे तामेझो-सान, या डबीत तिचं
काहीतरी अजून जिवंत आहे,
आणि मला नेमकं तेच फेकायला सांगायचंय.

यातलं काही बोलले नाही.
"कातडीला लागली तर चिघळेल," एवढंच म्हटलं.

"लावायची कुणाला आहे?" ते म्हणाले.
"पाठीपर्यंत हात कुठे पोचतो."

मग मी दोन ट्यूबा दिल्या, वेगवेगळ्या, न मिसळलेल्या.
लांब दांड्याचा स्पंजही दिला.
त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला,
एखाद्या परक्या कंपनीच्या सुट्या भागासारखा,
आणि काखेत मारला.

डबीवरचं लेबल मी खरवडून काढलं.
नव्यावर लिहिलं : लावू नये.
तारखेच्या जागी पेन टेकवलं, उचललं.
नियमात हे बसत नाही.
डबी त्यांच्याकडे सरकवली.

दारापर्यंत जाऊन ते वळले.
"फ्रिजमध्ये ठेवू, की बाहेर?"

"थंडीत ठेवा," म्हटलं.
"थंडीत सगळं सावकाश होतं."